लिफ्टपर्यंत

मित्रांनो, मी एक जुना पट्टा आहे. कमरेचा नाही आणि घड्याळाचाही नाही. माणसाला तुरुंगाऐवजी त्याच्या घरातच ठेवायचं ठरलं, की मला त्याच्या घोट्यावर बांधतात. त्याने उंबरठा ओलांडला की मी ओरडतो आणि तिकडे पोलिसांना कळतं. मला त्याचं ना सुख ना दुःख.

कारखान्यातून निघालो तेव्हा मी काळाभोर, गुळगुळीत होतो. आधी मुलुंडच्या एका बिल्डरच्या पायात होतो. तो दिवसभर सोफ्यावर लोळून माझ्या नावाने बोटं मोडायचा. "पट्टा एकदम झकास चालतो," असं एकदा तपासायला आलेले पोलीस साहेब म्हणाले, तेव्हा बरं वाटलं होतं. पुढे माझं रबर चिरलं, रंग उडाला आणि मी हर्षदच्या पायात आलो.

हर्षद बोरीवलीत चौथ्या मजल्यावर राहायचा. मारामारीत त्याच्या हातून एकाचं डोकं फुटलं होतं. शिक्षा झाली, पण त्याची आई शेवंती अर्ध्या अंगाने लुळी. तिला भरवायला, कुशीवर वळवायला दुसरं कोणी नव्हतं, म्हणून कोर्टाने त्याला घरी राहू दिलं. एकदा जरी पाऊल बाहेर पडलं तर परत तुरुंग. हर्षद दुधाची पिशवीसुद्धा दारातून हात लांब करून घ्यायचा.

एका दुपारी गावाहून त्याचे काका काशीराम आले. कुळथाचं पीठ दिलं, वहिनीशी बोलले, चहा झाला, निघाले. पाहुण्याला दारातूनच वाटेला लावणं या घरात कधी कुणाला जमलं नव्हतं.

"चला काका, लिफ्टपर्यंत येतो," म्हणत हर्षदने त्यांची पिशवी उचलली आणि बाहेर जाऊन बटण दाबलं.

मी ओरडलो.

"ह्या काय वाजता रे?" काकांनी विचारलं.

हर्षद पायाकडे बघत राहिला. "वाट लागली, काका."

तो धावत आत गेला, पण मी कळवून मोकळा झालो होतो.

संध्याकाळी पोलीस आले. हर्षदने हात जोडले. मला कापून काढलं, त्याला नेलं आणि गडबडीत मला टेबलावरच विसरले. मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

काका गावी गेले नाहीत. वहिनीच्या उशाशी बसले.

"भावजी, हर्षद खंय गेलो?"

"लिफ्टपर्यंत, वयनी. येतलो इतक्यात."

मित्रांनो, मला जपा असं मी म्हणणार नाही. पण अशा बांधलेल्या माणसाकडे कधी गेलात, तर निघताना त्याला उठू देऊ नका. दार तुमचं तुम्हीच ओढून घ्या.