विहिरीवरचा रूळ आणि निळं पाणी

माझा मालक भिमाजी; त्याच्या लेकीचं, छबूचं बारसं झालं त्याच साली, म्हणजे १९७२ मध्ये, माझा दुसरा जन्म झाला. मित्रांनो, मी एक जुना बाभळीचा रूळ आहे. तिसगावच्या शिवारात विहिरीच्या तोंडाशी बसून मी मोटेचा दोर अंगावरून जाऊ देत असे. पुढे इंजिन आलं आणि मी गोठ्यात पडलो.

भिमाजीच्या धाकट्या भावाला, सहादेवला, विजेचा भारी नाद. त्याने मला तासलं आणि अंगभर तांब्याच्या पट्ट्या ठोकल्या, कुठे लांब, कुठे आखूड. दांडा फिरवला की पट्टी समोरच्या पत्र्याच्या जिभेला टेकायची आणि दिवा लागायचा. पट्टी सरली की विझायचा. माझी एक खुंटी दोरी गुंडाळत लाकडी बैलजोडी ओढायची. काय कधी उजळायचं, काय कधी हलायचं, ते सारं माझ्या अंगावर ठरलेलं होतं.

गणपतीपुढे मोटेचा देखावा मांडायचा होता. पण साल दुष्काळाचं, विहिरी कोरड्या पडलेल्या. भिमाजीने बजावलं, "सहदू, दिवं लागलं तर गावात इजेचं दुकान टाक. न्हाई तर दसऱ्याला कोयता घे अन् ऊसतोडीच्या टोळीबरूबर चल. ह्यो रूळ मग चुलीत!"

गणपती बसले त्या संध्याकाळी गाव जमलं. सहादेवने दांडा फिरवला. बैल चालले, पण दिवा एकही लागेना.

"बैल आंधारातच निघालं की रं!" कुणी तरी ओरडलं. हशा पिकला.

सहादेवने बटण बंद करून मला चाचपलं. बोटं बुळबुळीत झाली.

"आये, तेल कुनी लावलं?"

"म्या लावलं," भागूबाई म्हणाली. "फिरनाऱ्या लाकडाला वंगन नको व्हय?"

"आगं, तेलातनं करंट जात न्हाई!"

"मग त्यात रडायचं काय? घरातलं घंगाळ कोन घासतं?"

तिने चिंच आणि राख आणली, पदर खोचला आणि माझी एकेक पट्टी घासून काढली. मग पुसून कोरडी केली. मी नव्या तांब्यासारखा लखलखलो.

बटण दाबलं. दांडा फिरला. बैल उतरणीला लागले, मोट वर आली, आणि एकामागून एक निळे दिवे उजळत पाटातून पाणी धावत सुटलं! म्हाताऱ्या रंगुबाईने लुगडं वर धरलं. "सरका गं, पाट भरला!"

आता कुणी हसलं नाही. भिमाजी पुढे झाला. "सरक सहदू, मला फिरवू दे." हात भरून येईपर्यंत त्याने दांडा सोडला नाही.

दसऱ्याला दुकान उघडलं. पंचक्रोशीतल्या कितीतरी मांडवांत मी पाणी वाहवलं. मग दिव्यांच्या तयार माळा आल्या आणि मी माळ्यावर गेलो. पण मित्रांनो, माझ्या पट्ट्या अजून शाबूत आहेत. जुनी वस्तू चुलीत घालण्याआधी एकदा चोळून बघा.

मला घासणारी भागूबाई १९८८ च्या पौषात वारली. सहादेव २०११ च्या श्रावणात, दुकानातच वारला.