शहाजादीचं मीठ

"आधी मुसळ खाली ठेव," आक्का दारातच म्हणाली, "मग सांगते."

शहाजादीनं खांद्यावरचं मुसळ भिंतीला टेकवलं. शिवाजी पेठेतल्या या घराची वर्षाची चटणी कुटायला ती लग्न होऊन आल्यापासून येत होती.

"मिरच्या डंकावर टाकल्या गं. आमचा ज्ञानू ऐकंना. म्हणतोय, घरात ठसक्यानं जीव जातोय."

डंक म्हणजे कोपऱ्यावर बाळासोनं बसवलेलं कांडपाचं यंत्र. लोखंडी मुसळं विजेवर आपोआप वरखाली व्हायची. सत्त्याहत्तरच्या त्या उन्हाळ्यात पेठेतली घरं एकेक करून तिकडं वळली होती. आक्काचं तेवढं राहिलं होतं.

"बरं केलंसा," शहाजादी म्हणाली. खरं तर रडू यायला हवं होतं. पण तिचं रडणं दर उन्हाळ्यात मिरच्याच उरकून घ्यायच्या. नवरा गेला तेव्हाही बायका म्हणाल्या होत्या, हिचे डोळे चटणीतच आटले.

चार दिवसांनी बाळासोनंच हाक मारली. "मावशी, डंकावर बसतासा काय?"

"मी काय करू तितं? तुजं लोखंड कुटतंय की."

"कुटायचं न्हाय. मीठ बघायचं. बायका म्हणत्यात, मशीनच्या चटणीला हात न्हाय. तुमी चाखून 'झालंय' म्हणलासा की गप घरला जातील."

पोटाला दुसरं काही नव्हतं. शहाजादी यंत्रासमोर पाटावर बसली.

पूर्वी कुटून झालं की घरची बाई गरम भाकरी पुढं करायची आणि तिच्यावर ती चटणी चाखायची. इथं नुसती चिमूट, एकीमागून एक, वर पाण्याची चूळ. आधी लसूण कळेनासा झाला, मग तिखट, मग मीठ. ती कुणाला बोलली नाही. बोलली असती तर पाट गेला असता. चटणीचा रंग बघायची, बाईचा चेहरा बघायची आणि म्हणायची, "झालंय." बायका जन्मभर मापानंच मीठ घालत आलेल्या, ते झालेलंच असायचं.

चटणीची दुसरी खेप कुटायला आणली तेव्हा आक्का मात्र मीठच घालायचं विसरली. पुडी घरी फळीवर राहिली. शहाजादीनं चिमूट जिभेवर ठेवली आणि म्हणाली, "झालंय."

दुसऱ्या दिवशी आक्का पदराआड बरणी घेऊन आली. डंकावर गर्दी होती.

"काय आक्का, चटणी बिघडली काय?" बाळासो ओरडला.

आक्कानं शहाजादीकडं पाहिलं. शहाजादी आपल्या लाल बोटांकडं बघत बसली होती.

"चटणीला काय धाड भरलीया? मीठ मीच इसरले. शाजादीनं सांगितलं हुतं की. म्हाताऱ्या माणसाच्या ध्यानात ऱ्हातंय व्हय रं?"

बायका हसल्या. आक्का शहाजादीला खेटून बसली, परातीत चटणी ओतून मीठ कालवायला लागली. मुसळांच्या आवाजाखाली तिनं विचारलं, "कवापास्नं?"

"चैत सरला तवापास्नं."

"कायच कळत न्हाय?"

"तिखटसुदीक न्हाय."

आक्काचं कालवून झालं, तरी ती उठली नाही.

पुढच्या बाईनं आपली परात सरकवली. "मावशी, मीठ बघा की."

शहाजादीनं चिमूट जिभेवर ठेवली. आक्कानंही हात लांबवला, बोट चाटलं, रस्त्याकडं बघत किंचित मान डोलावली.

"झालंय," शहाजादी म्हणाली. पदरानं ओठ पुसले. "पुढची कोण, या."