घाण्याच्या लाकडाचा बुश

किसनराव तायड्यांच्या ट्रॅक्टरात कंपनीचं असं काय उरलं होतं ते मोजायला एका हाताची बोटं पुरली असती. घरचं काय काय लागलं होतं ते सांगायला मात्र त्यांची बायको लीलाबाईच पाहिजे, कारण ते सगळं तिच्याच घरातून गेलेलं. डिझेलच्या टाकीवर तिच्या शेवयांच्या डब्याचं झाकण. तेल गळतं तिथं तिच्या चपलेचं चामडं. सीट म्हणाल तर खाटेची नवार. आणि पुढच्या चाकांच्या दांड्यात जो पितळेचा बुश, म्हणजे घासणाऱ्या जागी बसणारं कडं, बसवला होता, तो तिच्या माहेरच्या घंगाळाचा. रऊफ मिस्त्रीनं घंगाळ वितळवून तो ओतला होता. ट्रॅक्टर सुरू झाला की लीलाबाई शेजारणीला म्हणायची, "आयक वं, माहं माहेर बोंबलून राहिलं."

हा ट्रॅक्टर किसनरावांनी एका लिलावातून आणला तेव्हाच त्याची कंपनी बंद पडून जमाना झाला होता. तरी त्याच्या भरवशावर ह्या माणसानं गेल्या उन्हाळ्यात बैलजोडी विकली. लीलाबाईनं तेव्हा दोन दिवस चूल पेटवली नाही. किसनराव म्हणाले, "बैलाले दोन टाईम कडबा लागते. हा उभा राह्यला त काही खात नाही." त्यावर ती म्हणाली, "हा उभाच राह्यते."

आणि नेमका हरभऱ्याच्या पेरणीला तो उभा राहिला. सोयाबीन निघालं होतं, काळ्या मातीत ओल होती, पेरणीयंत्र जोडून किसनराव ऐटीत निघाले, तर पाराजवळ पुढचं एक चाक भातकुलीकडं आणि दुसरं दर्यापूरकडं जायला लागलं. पारावरच्या देवीदासनं विचारलं, "किसनभाऊ, एकाच बारीत दोन गावाले चाल्ले का?" सगळे हसले. किसनरावही हसले, पण लगेच खाली उतरून त्यांनी भातकुलीला मिस्त्रीकडं निरोप धाडला.

कारण हा भाग खारपाणपट्ट्याचा. विहिरीला पाणी आहे, पण जिभेला लावा, मिठासारखं. ते पिकाला द्यावं तर पीकही जातं आणि जमीनही. इथला हरभरा जमिनीतल्या ओलीवर येतो, आणि ओल काही कोणाची वाट पाहत नाही. ती चार-पाच दिवसांत उतरली की वावर होळीपर्यंत तसंच. गावातले दुसरे दोन ट्रॅक्टर भाड्यानं दूर गेलेले. बैलांचं तर बोलायलाच नको.

भातकुलीहून रऊफ मिस्त्री आला. बाप-दादांपासून लेथ मशीनवर हात बसलेला माणूस, पण तोंडही तेवढंच चालायचं. ट्रॅक्टरखाली शिरून तो बाहेर आला आणि म्हणाला, "जयभीम किसनभाऊ. घंगाळ खल्लास."

"अबे, माह्या बायकोनं थे वीस वर्सं वापरलं!"

"भाभीनं थ्यात पानी तापोलं. तुमी थ्याच्यावर टॅक्टर ठुला."

"मंग दुसरं ओत."

"पितळ हे धूळ खाते अन् घासते. मजबूत धातूचा पाहिजे असन त अमरावतीले ओताले टाका लागते. आठ दिवस."

"आठ दिवसांत ओल राह्यते का, रऊफ?"

रऊफनं हात पुसले, विडी काढली, परत खिशात ठेवली. "एक इलाज हाय. लाकडाचा बुश."

"लाकडाचा? टॅक्टर हाय का बैलबंडी?"

"बंडीत चालते ना? पन साधं लाकूड भेगाडते. बाभयीचं पाहिजे अन् वर्सानुवर्स तेल पेलेलं. थ्याले वंगन लागत नाही, धूळ चिकटत नाही."

तेल प्यालेली बाभळ गावात एकाच ठिकाणी होती, आणि तिच्यावर चतुराबाई बसलेली असायची.

चतुराबाईच्या सासऱ्याचा गावात तेलाचा घाणा होता. गिरण्या आल्या, घाणा बसला, उखळ कोणी तरी उचलून नेलं. राहिली ती लाट, म्हणजे उखळात फिरणारा जाड दांडा. ती दाराशी आडवी पडलेली. दोन पिढ्यांचं जवसाचं तेल प्यायल्यामुळं काळी कुळकुळीत. म्हातारी दिवसभर तिच्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याची खबर घ्यायची. दोन वर्षांपूर्वी तिच्या एकुलत्या एका पोरानं, देवमननं, फवारणीचं औषध घेतलं. त्या सालांत असं कुठल्या ना कुठल्या गावातून ऐकू यायचंच. चतुराबाई लोकांसमोर रडली नाही. तिची जीभ तेवढी पहिल्यापेक्षा तिखट झाली, आणि लोकही ते सोसायचे, कारण काय बोलावं ते कोणाला कळत नव्हतं.

"सरळ जा न मांगा," लीलाबाई म्हणाली.

पण सरळ जाईल तो किसनराव कसला! त्यांनी दुकानातून लाल रंगाची प्लॅस्टिकची खुर्ची घेतली, डोक्यावर धरली आणि चतुराबाईचं घर गाठलं.

"काकू, ह्या वयात लाकडावर बसता, कंबर दुखत असन. म्हटलं खुर्ची आनावं."

"माय वं! किती काळजी!" म्हातारी उठली, खुर्चीवर बसली, मागं टेकली, हात ठेवायच्या जागी हात ठेवले. "बेस हाय."

"मंग हे लाट आता अडगयच झाली. उचलून नेतो."

"राहू दे ना बापा. पाय ठेवाले होते."

किसनरावांचं तोंड पाहण्यासारखं झालं. हरभऱ्याच्या झाडावर चढणारी बाई नव्हती ती.

"किसना," ती म्हणाली, "सकायी तुह्या टॅक्टरची दोन चाकं दोन्हीकडं चाल्ली, थे म्या पायलं. मंग रऊफ्या येऊन लाट ठोकून, वास घेऊन गेला. आता तू खुर्ची आनली. मले काय येडी समजतं का?"

"नाही काकू. चुकलो."

"लाकूड देतो. पन पयले माहं वावर पेराचं."

किसनराव गार पडले. तिचं तीन एकर म्हणजे ह्या खटाऱ्याचा अख्खा दिवस. लाकडाचा बुश तेवढा टिकेल याची खुद्द मिस्त्रीलाही खात्री नव्हती. तिच्या वावरात मोडला तर आपलं वावर पडीत.

"काकू, पयले माहं करतो, मंग तुमचं. भीमाची आन."

"तुह्यं वावर खोलातलं. तिथं ओल दम धरते. माहं टेकराचं, थे उद्या-परवा वायून जाते. खोटं असन त सांग."

खोटं नव्हतं, हीच तर अडचण. किसनराव घरी आले आणि जेवता जेवता बायकोला म्हणाले, "बुढी मोठी पक्की हाय."

"बरोबर त हाय तिचं."

"अन् बुश तिच्याच वावरात मोडला त?"

"तिचं त पेरलं जाईन," लीलाबाई म्हणाली आणि त्यांच्या ताटात अजून एक भाकर टाकली.

दुसऱ्या दिवशी चतुराबाई करवतीपाशी उभी राहिली. टोकाकडून चार बोटांचा तुकडा तिनं कापू दिला, अर्धं बोटही जास्त नाही. रऊफनं तो भातकुलीत आपल्या लेथवर चढवला तेव्हा दुकानभर जवसाच्या तेलाचा वास सुटला. लाकडाचा भुसा बोटांना तेलकट लागत होता. "इतके साल झाले, तरी कोरडं नाही पडलं," रऊफ म्हणाला आणि तेलकट बोटं त्यानं परत एकदा नाकाशी नेली.

बुश बसला. चतुराबाई धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, सावलीत बसली आणि पेरणीचं तास जरा वाकडं गेलं की ओरडायची, "किसना, डोये उघडे ठेव!" किसनराव मात्र बियाण्यापेक्षा पुढच्या चाकांकडंच जास्त पाहत होते. वळणावर दांडा कुरकुरला की ते ट्रॅक्टर थांबवून खाली वाकून पाहायचे. पण चाकं एका गावाला चालली होती. तिचं टेकराचं वावर पेरून झालं, आणि लगेच रात्र पडायच्या आत त्यांनी ट्रॅक्टर आपल्या वावरात घातला. पुढचे दोन दिवस ते जेवायलाही नीट उतरले नाहीत. शेवटचं तास संपलं तेव्हा लीलाबाईनं खाली वाकून मूठभर माती दाबून पाहिली. गोळा झाला. ओल होती. मग नवऱ्याला पाणी तिनं ट्रॅक्टरवर नेऊन दिलं.

रऊफनं बुश काढून पाहिला. अर्धा झिजला होता. "एका पेरनीले एक," तो म्हणाला. "पन लाट मोठी हाय. सगये बुश एकाच बारीत काढून ठेवू."

किसनराव पुन्हा म्हातारीकडं गेले. दारात लाट नव्हती.

"घरात हाय. खाटेखाली," चतुराबाई म्हणाली.

"काकू, राह्यलेली देऊन टाका. रऊफ सगये बुश करून ठेवते म्हनते."

"म्हंजे तू मोकया झाला. ना बावा. दरसाल चार बोटं. दरसाल पयले माहं वावर."

"असं कुठं असते का?"

"म्या मोजून पायली. नऊ-धा सालं पुरते. तवरोक मी काही मरत नाही." ती थांबली. पदर नीट केला. पुढचं बोलताना तिचा आवाज खाली आला. "अन् तवरोक तुलेबी मराची सुटी नाही, किसना. वावरात पिको, नाही त न पिको. तुकडा न्याले तूच आला पायजे. दुसऱ्या कोनाले मी देनार नाही."

किसनराव दारातच, तिच्यासमोर खाली बसले.

"देवमनले म्या असं कशातच अडकोलं नाही," म्हातारी म्हणाली. "त्याले म्हनत होती, तुह्या मनानं कर. तू हो म्हन बरं."

"हो, काकू."

"मोठ्यानं म्हन. माहे कान गेले."

किसनराव मोठ्यानं हो म्हणाले. इतक्या मोठ्यानं की बाजूच्या घरातली बाई हातातलं पीठ तसंच घेऊन दारात आली.