पाणंदीचं गाऱ्हाणं

हायकोर्ट म्हणजे काय हे शेवंतीला कुणी शिकवायची गरज नव्हती. मुंबईत घोडपदेवच्या चाळीत तिच्या बिऱ्हाडाला लागून गावमंडळाची खोली होती आणि तिची किल्ली शेवंतीच्या कमरेला. गावाकडून तारखेला येणारी माणसं रात्रभर बसमध्ये आंबून पहाटे तिच्या दारात उभी राहायची. शेवंती त्यांना आधी चहा द्यायची, मग शिव्या, मग आंघोळीचं पाणी. मळकी टोपी घालून कोणी कोर्टाला निघाला की जिन्यातून परत फिरवायची. "न्याय मागायला चाललास की उधारीवर विडी?" असं विचारायची.

मग सगळी वरात फोर्टात. तिथे काळे कोटवाले इंग्रजीत दोन वाक्यं बोलायचे आणि पुढची तारीख पडायची. गावचा म्हातारा लवू प्रत्येक वेळी विचारायचा, "काय झाला गो शेवंतीकाकी?" आणि शेवंती सांगायची, "व्हायचं ते झालं. चल, जेवायला चल."

भांडण होतं पाणंदीचं. पाणंद म्हणजे दोन्ही बाजूंनी चिऱ्याचे गडगे आणि मधून वाट. शेवंतीच्या सासरच्या वाडीतून डांबरी रस्त्याला यायला ती एकच वाट. बाहेरच्या एका शेठने दोन्हीकडची काजूची भरड जमीन विकत घेतली आणि पाणंदीच्या रस्त्याकडच्या तोंडावर लोखंडी गेट ठोकलं. तालुक्याला निकाल वाडीच्या बाजूने लागला, तर शेठ उठून हायकोर्टात गेला. तेव्हापासून गेट तसंच आणि वाडीची माणसं बाजूच्या ओढ्यातून, म्हणजे व्हाळातून, दगडांवर पाय देत रस्त्याला.

त्याच व्हाळात गेल्या पावसात शेवंतीची धाकटी जाऊ कांता घसरली. खुब्याचं हाड मोडलं. चौघांनी तिला खुर्चीत बसवून, गुडघाभर पाण्यातून, लग्नातल्या नवरीसारखी उचलून रस्त्याला नेली. हाड जुळलं, पण व्हाळ ओलांडायचं बळ काही आलं नाही. तेव्हापासून कांताचं जग म्हणजे घरातून पडवी आणि पडवीतून घर. बाजार नाही, देऊळ नाही, माहेर नाही. पुढचा पावसाळा आला की पडवीही ओली होणार.

"ही पाणंद उघडलेली बघितल्याशिवाय मी मरायची नाय," शेवंती म्हणायची.

"म्हणजे उघडली की मरणार?" सून अक्षदा विचारायची.

"तुला घाई झाली असेल तर तसं सांग."

कोल्हापूरला हायकोर्टाचं बेंच बसलं त्याच वर्षातली, पण ते बसायच्या आधीची, शिमगा सरल्यावरची ही गोष्ट. त्या वेळी गावाचा हायकोर्टाचा रस्ता घोडपदेववरूनच जायचा. तारीख जवळ आली. शेवंतीने मंडळाची खोली झाडून घेतली, सुके बांगडे आणले, वड्याचं पीठ दळून आणलं. तेवढ्यात वकीलबाई अनुजाचा फोन आला. अनुजा दादरची, बोलणं कसं इस्त्री केलेलं.

"आजी, या वेळी गावच्या कुणी यायची गरज नाही. कोर्टाने परवानगी दिली आहे. ते तिथूनच ऑनलाइन हजर राहतील. कांताबाईसुद्धा."

"तिथून कुठून?"

"गावातून. मोबाइलवर. न्यायमूर्तींना ते दिसतील, त्यांना न्यायमूर्ती दिसतील."

शेवंतीने फोन दुसऱ्या कानाला लावला. मग म्हणाली, "अगो वकिलीणबाई, नवरीमुलगी बघायलासुद्धा माणूस घरी जातो. फोनवर तोंड दाखवून न्याय मिळतो होय? तो काय पिझ्झा आहे?"

"आजी, तुम्ही या ना माझ्याबरोबर. तुम्ही कोर्टात, ते स्क्रीनवर."

"येणार तर! निदान एक तरी माणूस हाडामांसाचा पाहिजे."

फोन ठेवला आणि दळून आणलेल्या पिठाकडे बघून ती फणफणली, "एवढे वडे आता कोण गिळणार? शेठ?"

तरी गावाला फोन करून हुकूम सोडायला ती चुकली नाही. कांताला म्हणाली, "चांगलं लुगडं नेस. केस विंचर. आणि कोर्टात तोंड उघडायचं नाही. विचारल्याशिवाय कुणी हूं की चूं करायचं नाही. त्या लवूला खास सांग. एकदा सुरू झाला की थांबत नाही."

"वयनी, तू येतलंस मां कोर्टात?" कांताने विचारलं.

"मी नसले तर तुमचं कोण बघेल?"

तारखेच्या सकाळी शेवंती हिरवं लुगडं नेसून कोर्टाच्या मागच्या बाकावर बसली. पुढे भिंतीवर मोठा पडदा. तिथे अजून काही नाही. अनुजा सारखी फोनवर कुजबुजत होती. शेवंतीने तिला खुणेनेच विचारलं, काय?

"पंचायतीचं नेट बंद पडलंय," अनुजा जवळ येऊन म्हणाली. "रेंज मिळेल तिथे जातायत."

"बघ! सांगत नव्हते मी? बसने आले असते तर आतापर्यंत जेवून ढेकर दिला असता."

त्यांचं नाव पुकारलं आणि पडदा उजळला. आधी नुसतं आभाळ दिसलं, मग लवूचं नाक, मग कुणीतरी फोन सरळ धरला. शेवंतीने कपाळावर हात मारला. वाडीला रेंज येते ती एकाच ठिकाणी, पाणंदीच्या तोंडाशी. सगळी वाडी तिथेच येऊन बसली होती. मधोमध खुर्चीत उचलून आणलेली कांता, केस चापून विंचरलेली. तिच्या मागे बंद गेट, आणि गेटाच्या गजांपलीकडे डांबरी रस्ता. तेवढ्यात लाल एसटी त्या गजांआडून धडधडत गेली. कांताने मान वळवून ती दिसेनाशी होईपर्यंत बघितली.

शेठचा वकील उठला. इंग्रजीत सुरू झाला. अनुजाने हळूच मराठीत सांगितलं, "म्हणतो, गेट फक्त गुरांसाठी आहे. दिवसा माणसांना उघडंच असतं."

"जीभ झडो मेल्याची," शेवंती पुटपुटली. बाजूच्या पट्टेवाल्याने डोळे वटारले. शेवंतीने त्याहून मोठे वटारले.

न्यायमूर्तींनी चष्मा वर केला आणि पडद्याकडे बघून चक्क मराठीत विचारलं, "तुमच्यापैकी कुणी सांगेल का, ही वाट कशी आहे ती?"

झालं! लवू उठला. मोठ्या माणसापुढे उभं राहून मागणं मागायचं तर त्याला एकच रीत माहीत. गावात पेरणी असो, लग्न असो की जत्रा असो, देवापुढे गाऱ्हाणं घालायचं काम त्याचंच. तो एक एक मागणं मांडणार आणि गावाने मागून होकार भरायचा. त्याने टोपी नीट केली, हात जोडले, डोळे मिटले आणि खड्या आवाजात सुरू केलं.

"बा देवा म्हाराजा! आज ही तुझी लेकरा तुझ्या पायाशी उभी रवली हत, तेंची वाट ज्या कोणी आडवल्यान आसात, तेका सुबुद्धी दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळी वाडी गरजली.

शेवंती बाकावरून अर्धी उठली. मेल्याने घात केला! आता कोर्ट सगळ्यांना हाकलून देणार.

"ह्या कांताचो पाय व्हाळात मोडलो म्हाराजा. पावसात त्या व्हाळात गोरू उतारना नाय, थंय माणसान खंयसून जावचा? बंद आसलेला दार उघडा कर, आणि तुझ्या लेकरांक वाटेक लाव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

हा होकार फक्त पडद्यावरून आला नव्हता. कोर्टाच्या मागच्या बाकावरूनही आला होता. शेवंती उभी होती, हात जोडलेले, तोंड अजून उघडंच. जन्मभराची सवय, तिला काय हायकोर्ट आणि काय देवाचं आंगण! पट्टेवाला धावला. वकिलांच्या माना वळल्या. अनुजाने डोळे मिटून घेतले.

"मागे कोण बोललं?" न्यायमूर्तींनी विचारलं.

आता पळायचं कुठे? शेवंतीने पदर खांद्यावर घेतला. "मी साहेब. गाऱ्हाण्याला व्हय म्हटलं नाही तर ते अर्धवट राहतं. राहवलं नाही."

"बरं. पूर्ण झालं ना? बसा आता." न्यायमूर्तींच्या ओठाची कड हलली, पण हसू काही त्यांनी बाहेर येऊ दिलं नाही. "आणि आणखी एक आवाज ऐकला मी. गेटाच्या पलीकडून. तो कोणाचा?"

पडद्यावर सगळ्यांच्या माना गेटाकडे वळल्या. गजांमागे खाकी शर्टातला एक माणूस उभा होता. हात जोडलेले, अगदी शेवंतीसारखेच. तो शेठचा वॉचमन दगडू. पलीकडच्या वाडीचा, पोटासाठी शेठकडे लागलेला. गाऱ्हाणं कानावर पडलं आणि त्याच्याही तोंडून होकार निघून गेला होता.

"माझो, सायबानू," दगडू चाचरत म्हणाला.

"तुम्ही कोण?"

"हयचो वॉचमन."

"गेट आत्ता उघडं आहे की बंद?"

दगडूने कुलपाकडे बघितलं. मग कांताकडे. गाऱ्हाण्यात हात जोडल्यावर खोटं बोलेल असा माणूस त्या गावात अजून जन्मला नव्हता.

"बंद आसा. दिवसाचापण बंदच. शेठनी सांगितलेला, कुलूप काढूचा नाय."

न्यायमूर्तींनी शेठच्या वकिलाकडे बघितलं. वकील कागद चाळू लागला. मग उठून म्हणाला की आपल्या अशिलाची गेट उघडण्याला काही हरकत नाही.

"उत्तम. मग आत्ताच उघडू द्या. मी बघतो आहे."

शेवंतीला पुढचं इंग्रजी कळलं नाही. पण अनुजाने वळून मान हलवली आणि कुजबुजली, "शेठचा अर्ज फेटाळला, आजी. वाट गाड्यांसकट मोकळी." पडद्यावर दगडूची किल्ली कुलपात फिरली. गेट कुरकुरत सरकलं. वाडीतल्या बायकांनी तोंडाला पदर लावले. इकडे शेवंतीनेही लावला, रडायला नव्हे, हसू दाबायला. एवढ्या वर्षांत किती माणसं बसने इथवर आली, पण ते गेट काही त्यांना पिशवीत घालून आणता आलं नव्हतं. आज ते आपल्या पायांनी कोर्टात आलं, आणि वॉचमनही घेऊन आलं.

"वकिलीणबाई," ती कुजबुजली, "फोनबद्दल बोलले ते मागे घेते. पण अर्धंच. मला बोलावलंच नसतंस तर?"

पुढचं प्रकरण पुकारलं आणि पडदा विझला. कांता बाहेर पडलेली दिसलीच नाही! शेवंती तरातरा बाहेर आली. पायऱ्या उतरून फुटपाथवर थांबली आणि अनुजाच्या हातात फोन कोंबला. "लाव तिला. तोंड दिसेल असा लाव."

कांताचं तोंड दिसलं. ती हलत होती.

"कांते! खंय आसस गो?"

"रिक्षेत, वयनी!" वाऱ्याने तिच्या चापून विंचरलेल्या केसांची पार वाट लागली होती. "दगडूनच थांबयली. रिक्षावालो थेट माझ्या खुर्चीपर्यंत पाणंदीत इलो."

"आणि निघालीस कुठे?"

"आधी देवळात. मग बाजारात. बांगड्या भरूच्या हत."

"अगो, तुझा पाय! उन्हातून कशाला? आधी घरी जाऊन जेव, मग औषध घे, आणि रिक्षावाल्याला सांग की हळू..."

"वयनी, रिक्षावालो थांबलो आसा. देऊळ इला. ठेवतंय!"

फोन बंद झाला. लग्न होऊन घरात आल्यापासून कांताने शेवंतीचं बोलणं पुरं व्हायच्या आधी एकदाही पाठ फिरवली नव्हती. शेवंती त्या काळ्या पडद्याकडे बघत राहिली आणि मग फुटपाथवर, येणाऱ्याजाणाऱ्या काळ्या कोटांच्या देखत, एवढ्या मोठ्याने हसली की चहावाल्याने मागितला नसताना ग्लास पुढे केला.

"चल गो," ती अनुजाला म्हणाली, "घोडपदेवला. गावच्या माणसांचे वडे आहेत, आज तू खा."