तपासणी बंद होणार नाही

ऑफिसात येऊन मी पर्स टेबलावर ठेवते न ठेवते, तोच साहेबांनी फर्मान सोडलं की ती तपासणी बंद करून टाक.

आम्ही दवाखान्यांसाठी सॉफ्टवेअर लिहितो. लॅबच्या सर्व्हरवरून रक्ताचे रिपोर्ट उचलायचे आणि डॉक्टरांच्या स्क्रीनवर दाखवायचे. त्या दिवशी सकाळपासून एकही रिपोर्ट येत नव्हता. लाल अक्षरांत एकच रड चालली होती, समोरच्याचं सर्टिफिकेट पटत नाही. म्हणजे पलीकडे खरंच लॅब आहे की तिच्या नावावर दुसराच कुणी आकडे पाठवतोय, याची खात्री पटत नव्हती, आणि आमचा सर्व्हर तोंड फिरवून बसला होता. बरोबरच होतं त्याचं. मीच त्याला तसं शिकवलंय.

साहेबांच्या मते हे एका ओळीचं काम होतं. कोडमध्ये लिहायचं की खात्री करू नकोस, मग रिपोर्ट धावत येतील. आपला लॅपटॉप माझ्या नाकासमोर धरून त्यांनी लॅबचा पत्ता ब्राउझरमध्ये उघडून दाखवला. इथे तर झकास उघडतंय, मग तुझ्याच सर्व्हरला काय धाड भरलीय, असं त्यांचं म्हणणं. मी सरळ नाही म्हणाले.

आता हेही सांगते, की खोळंबलेल्यांत माझे बाबा होते. हृदयात झडप बसवल्यापासून ते रक्त पातळ ठेवायची गोळी घेतात. आज पूर्ण घ्यायची की अर्धी, हे रिपोर्टवर ठरतं. कमी पडली तर गुठळी, जास्त झाली तर रक्तस्राव. लॅब फोनवर आकडे सांगत नाही. बाबा दवाखान्याच्या बाकड्यावर बसून मला मेसेज करत होते, तुझं मशीन झोपलंय का गं?

मी लॅबच्या इंजिनिअरला फोन लावला. त्यांनी आदल्या संध्याकाळी नवं सर्टिफिकेट बसवलं होतं आणि त्यांच्या ब्राउझरमध्येही सगळं झकास होतं. बाकीच्या कंपन्यांनी तपासणी बंद करून काम सुरू केलं, तुम्हीच तेवढ्या अडून बसलात मॅडम, असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. माझं डोकंच फिरलं. बाकीच्यांनी डोळे मिटले म्हणून मीही मिटू?

मग त्यांचा सर्व्हर नेमकं काय पाठवतोय ते मी उघडून पाहिलं, आणि घोळ सापडला. समजा, दारात एक अनोळखी माणूस आला आणि म्हणाला, मी तुमच्या आत्याच्या जावेचा भाऊ. आत्या आपली, तिला आपण ओळखतो. पण हा तिचा कोण, हे सांगणारी मधली जाऊ बरोबर आलेलीच नाही. लॅबने नवं सर्टिफिकेट ठेवलं, पण ते ज्याने दिलं त्याचं मधलं सर्टिफिकेट ठेवायचं राहिलं. ब्राउझरला ती जाऊ आधी कुठेतरी भेटलेली असते, म्हणून तो दार उघडतो. आमच्या सर्व्हरला ती कधी भेटलेलीच नाही.

मी पुन्हा फोन उचलला, तेवढ्यात साहेब मागे येऊन उभे राहिले. दवाखान्यापुढे नाक कापलं गेलं म्हणाले. वर हेही म्हणाले, की तुझे स्वतःचे वडील तिकडे ताटकळलेत, जरा तरी काही वाटू दे. ऊठ, मीच करतो.

मी उठले. खुर्ची त्यांच्याकडे सरकवली.

"करा," मी म्हणाले. "पण आधी माझ्या बाबांना फोन करा. त्यांना सांगा की हा आकडा कुणी पाठवला ते मला ठाऊक नाही, पण तुम्ही गोळी घ्या. हा घ्या नंबर."

साहेबांनी फोनकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. खुर्ची रिकामीच राहिली. तुझी नोकरी जाईल, असं काहीतरी ते पुटपुटले. जाऊ दे गेली तर.

मी लॅबला फोन लावला. इंजिनिअर आधी ऐकेनात. म्हटलं, ब्राउझर सोडा, तुमच्याच दुसऱ्या एखाद्या सर्व्हरवरून कनेक्शन करून बघा. त्यांनी केलं. तिथेही तीच लाल अक्षरं आली. मग खालच्या आवाजात म्हणाले, मॅडम, मधलं राहिलंय. लावतो.

चहा गार व्हायच्या आत लाल अक्षरं गेली आणि अडकलेले रिपोर्ट भराभर आले. बाबांचं रक्त नको तितकं पातळ झालं होतं. डॉक्टरांनी गोळी पूर्णवरून अर्धी केली. खात्रीच्या आकड्यावर केली. तेव्हा कुठे मी खुर्चीत बसले.

साहेब केबिनच्या दारातून म्हणाले, झालं ना मनासारखं? आता तरी खूश?

मी तपासणी बंद करणारी ती एक ओळ आमच्याच कोडमध्ये आधीपासून कुठे पडलीय का, ते शोधत होते. सापडली. डॉक्टरांच्या स्क्रीनवर औषधांचे डोस ज्या कोडमधून येतात, तिथेच. शेजारी साहेबांचं नाव होतं आणि पुढे लिहिलं होतं, तात्पुरतं.

"अजून नाही," मी म्हणाले, आणि त्यांच्या देखत ती ओळ पुसून टाकली.