चार पाट्यांचा चौक

आमच्या गावात सिग्नल नाही. एल्म रस्ता आणि तिसरी गल्ली जिथे एकमेकांना छेदतात, तिथे चारही बाजूंना थांबण्याच्या लाल पाट्या आहेत. नियम असा की जो आधी येऊन थांबला, तो आधी जाणार. हा नियम आमच्या आयोवा राज्यातल्या पोराटोरांनाही पाठ आहे आणि आमच्या गावात तो कोणीही पाळत नाही, कारण आधी जाणं इथे उद्धटपणाचं समजतात. आपण आधी आलो असलो तरी स्टीअरिंगवरची दोन बोटं उचलून समोरच्याला 'व्हा पुढे' म्हणायचं, त्यानं उलट आपल्याला म्हणायचं, आणि ज्याला घाई असेल त्यानं शेवटी ओशाळून निघायचं.

मी मात्र थांबतच नसे. मी सायकलवाला. वय अठ्ठावन्न, दोन्ही गुडघे कुरकुरणारे. एकदा पाय टेकला की पुन्हा वेग धरताना जीव जातो. रोज दहाला पाच कमी असताना मी तिसऱ्या गल्लीतून यायचो, दोन्हीकडे बघायचो आणि पाटीसमोरून सुसाट निघून जायचो. धान्याच्या कोठारावर दहा वाजता फुकट कॉफी असते आणि सव्वादहाला ती संपलेली असते.

नेमक्या त्याच वेळी एल्म रस्त्यानं आर्लिस कोस्टर यांची करडी गाडी यायची. मिसेस कोस्टर एकोणऐंशी वर्षांच्या. एकतीस वर्षं त्यांनी शाळेची बस चालवली. त्या बसमधून मीही गेलो आहे. चालत्या बसमध्ये उभा राहिलो म्हणून दुसरीत असताना त्यांनी मला आठवडाभर आपल्या पाठीमागच्या बाकावर बसवलं होतं. चौकात त्या पूर्ण थांबायच्या, मी समोरून निघून जायचो आणि त्या हॉर्न वाजवायच्या. गावात हॉर्न वाजवणाऱ्या त्या एकट्याच. असं अकरा वर्षं चाललं.

मार्चमध्ये त्या हॉर्ननं दचकून मी चौकालगतच्या हिनरिक्सच्या काटेरी कुंपणात गेलो. घरी आलो आणि पाठीतले काटे काढण्याआधी परवाना कार्यालयाला पत्र लिहिलं, की या बाईंची नजर आणि स्वभाव दोन्ही एकदा तपासून घ्यावेत. खाली ठसठशीत सही केली. निनावी पत्रं लिहिणारी माणसं मला भेकड वाटतात.

महिन्याभरात त्यांना गाडी चालवण्याची परीक्षा पुन्हा देण्याचा हुकूम आला. ते मला कोठारावरच कळलं, आणि त्याबरोबर आणखी एक गोष्ट कळली, जी मी सोडून सगळ्या गावाला ठाऊक होती. मिसेस कोस्टर रोज चौदा मैलांवर एल्क्टनच्या वृद्धाश्रमात जात होत्या. तिथे त्यांचा नवरा हार्लन होता. त्याला आता माणसं ओळखू येत नव्हती. दुपारचा घास तो फक्त बायकोच्या हातून घ्यायचा, दुसऱ्या कोणी चमचा पुढे केला की तोंड मिटून घ्यायचा. मुलगी अॅरिझोनात, एल्क्टनला बस मंगळवारी एकदाच. परवाना गेला तर हार्लनच्या जेवणाचं काय, याचं उत्तर कोणाकडे नव्हतं. मी मूग गिळून कॉफी प्यायलो. मला स्वतःची लाज वाटली.

परीक्षा सकाळी साडेनऊची, आणि तिची वाट त्याच चौकातून जायची. मी ठरवलं, त्या दिवशी बाईंना माझा काडीचाही त्रास होऊ द्यायचा नाही. आयुष्यात प्रथमच मी पाटीपाशी थांबलो. नुसता थांबलो नाही, खाली उतरलो.

त्या माझ्या आधी आल्या होत्या. जाण्याचा हक्क त्यांचा. पण त्या हलेनात. काचेतून माझ्याकडे बघत राहिल्या, मग त्यांनी दोन बोटं उचलली. मी मान हलवून 'तुम्ही व्हा' म्हणून हात केला. त्यांनी परत बोटं उचलली. त्यांच्या मागे एक पिकअप येऊन उभी राहिली. तिच्यातला माणूसही मला 'जा' म्हणून खुणा करू लागला. शेवटी मी निघालो आणि त्याच क्षणी त्याही निघाल्या, म्हणून दोघंही पुन्हा थांबलो. शेजारी बसलेले परीक्षक प्रॉब्स्ट यांनी तोंडानं 'चला' म्हटलेलं मला बाहेरून दिसलं. परीक्षकाला बोलावं लागलं की माणूस नापास. मी तिथे हात दाखवून अवलक्षण करून घेतलं, आणि त्याचं फळ त्यांना मिळालं.

त्यांना एकच संधी उरली, पुढच्या गुरुवारची. मी बटाट्याचं भरीत चीज घालून भाजलं, काचेचं भांडं फडक्यात गुंडाळलं आणि त्यांच्या दारात जाऊन उभा राहिलो.

"आत ये, ओरिन. पाय पूस आधी."

मी पाय पुसले. भांडं ओट्यावर ठेवलं आणि बसायच्या आधीच सांगून टाकलं की ते पत्र मी लिहिलं होतं.

"ठाऊक आहे मला," त्या फडकं सोडत म्हणाल्या. "कार्यालयात वाचून दाखवलं त्यांनी. सहीसकट."

"मग त्या दिवशी चौकात मला का जाऊ देत होतात?"

त्यांनी झाकण उघडून वास घेतला आणि पुन्हा ठेवलं. "अकरा वर्षांत तू कधी थांबला नाहीस. त्या दिवशी सायकलवरून उतरून उभा. मला वाटलं, मी काय चुकते ते टिपून घ्यायलाच आला आहेस. पाय ब्रेकवरून उठेना माझा."

एकतीस वर्षं पोरांनी भरलेली बस एक ओरखडा न उठवता चालवलेल्या बाईला मी घाबरवलं होतं, तेही चांगलं वागून. गुरुवारी मी घराबाहेरच पडत नाही, असं मी म्हटलं.

"अजिबात नको," त्या म्हणाल्या. "तू नसलास तर कुठून येतोस हे शोधत बसेन मी. रोजच्यासारखा ये. न थांबणाऱ्या ओरिनची मला सवय आहे. थांबणारा कोण, कसा, मला माहीत नाही."

"म्हणजे मी मुद्दाम नियम मोडू?"

"आजवर काय चुकून मोडत होतास?"

गुरुवारी दहाला पाच कमी असताना मी तिसऱ्या गल्लीतून निघालो. लाल पाटीसमोरून जाताना मला कधी भीती वाटली नव्हती. त्या दिवशी हँडल घामानं निसटत होतं. करडी गाडी रेषेवर येऊन थांबली होती. मी दोन्हीकडे बघितलं आणि गेलो. मागे वळून बघायची हिंमत झाली नाही. हॉर्न वाजला नाही, एवढंच कळलं. पुढच्या कोपऱ्यावर सायकल टाकून मी पदपथावर बसलो. थोड्या वेळानं गाडी माझ्या समोरून शांतपणे गेली, वळणाचा दिवा दाखवत परवाना कार्यालय असलेल्या न्यायालयाच्या इमारतीकडे वळली. मी त्या दिवशी कॉफीला गेलोच नाही.

संध्याकाळी फोन वाजला.

"पास झाले," मिसेस कोस्टर म्हणाल्या. "प्रॉब्स्टनं शेरा लिहिलाय, बेशिस्त सायकलस्वार समोर असूनही चालकाचा तोल ढळला नाही. आत्ताच एल्क्टनहून आले. हार्लन पोटभर जेवला."

मी अभिनंदन केलं. त्यांनी तिकडे दुर्लक्ष केलं.

"आणि ओरिन, उद्यापासून तू थांबत जा. हळूहळू होईल मला सवय."