थरथरीची नोंद

"मनगट सोड," अप्पाराव म्हणाले. "हयात मी आहे. त्याला तुझा आधार कशाला?"

तनुजाने वडिलांचे मनगट सोडले. फोनच्या पडद्यावर 'मी हयात आहे' असे बटण होते. भोवतालचे वर्तुळ भरेपर्यंत त्यावर बोट दाबून धरायचे, एवढेच. अप्पारावांनी तर्जनी टेकवली. वर्तुळ पावभर भरले, बोट थरथरले, आणि ॲपने त्या थरथरीचा अर्थ पान सरकवणे असा लावला. बटण बोटाखालून निसटले. तिसऱ्या खेपेला अक्षरे उमटली: 'प्रतिसाद नाही. पेन्शन स्थगित.'

ही चाचणीची प्रत होती, एवढेच नशीब. खरे ॲप सोमवारी जिल्हाभरातल्या निवृत्तांच्या हाती पडणार होते.

"जुनी दफ्तरं वाचण्यात माझा जन्म गेला," इतिहासाचे ते निवृत्त प्राध्यापक अत्यंत शांतपणे म्हणाले. "मेलेली माणसं वर्षानुवर्षं तनखा उचलताना पाहिली. पण जिवंताला बोटावरून मेलेला ठरवणारं दफ्तर हे पहिलंच. तपासलं कुणी हे?"

"मी," तनुजा म्हणाली.

उस्मानपुऱ्यातल्या तिच्या ऑफिसात मांडणीवर ओळीने फोन लावलेले असत आणि त्यांना कोणीही हात लावत नसे. तिने लिहिलेल्या प्रोग्रॅममधूनच त्यांना स्पर्श घडे: टिचकी, सरकवणे, दाबून धरणे. ते अदृश्य बोट बटणाच्या नेमक्या मध्यावर उतरे, लेशमात्र न हलता थांबे आणि निघून जाई. त्याला घाम नव्हता, वय नव्हते. असल्या आदर्श नागरिकाने हे बटण असंख्य वेळा दाबले होते आणि दर वेळी सगळ्या फोनांवर हिरवी खूण उमटली होती.

तिने फोन पुन्हा पुढे केला.

"बाबा, आणखी एकदा. आता फोन तुमच्या बोटाचा माग टिपून घेईल. तुमची थरथर मला मशीनला शिकवायचीय."

अप्पारावांनी हात मागे घेतला. गेले वर्षभर घरात त्यांचा चहाचा कप अर्धाच भरला जात होता. कारण कोणी उच्चारले नव्हते. पाहुण्यांसमोर तर ते पित्ताचे निमित्त सांगून चहाच नाकारत.

"कुणाचं बोट ते कळेल का तिथं कुणाला?"

"नाही कळणार."

त्यांनी घड्याळ काढून बाजूला ठेवले आणि बोट टेकवले.

दुसऱ्या दिवशी टीमचा प्रमुख ऋतुराज पोह्यांची प्लेट घेऊन मांडणीपाशी आला. "क्या मॅडम, सोमवारचं सगळं क्लिअर ना?"

तनुजाने उत्तरादाखल चाचणी सुरू केली. फोनांवर तेच अदृश्य बोट उतरले, पण या वेळी थरथरत. वर्तुळे पावभर भरली, बटणे निसटली, आणि एकामागून एक सगळे फोन लाल झाले. लाल खुणेने तनुजाला इतके हायसे कधीच वाटले नव्हते.

"अरे, कालपर्यंत तर ग्रीन होतं!"

"कालपर्यंत बोट मशीनचं होतं. हे माणसाचं आहे."

"पण 'बोट स्थिर ठेवा' अशी सूचना लिहिलीय ना आपण."

सूचना खरोखरच ठळक अक्षरांत होती. थरथरीला ती वाचता येत नव्हती, एवढीच अडचण.

"सर, तुमच्या घरी आहे का कुणी पेन्शनवाले?"

ऋतुराजने प्लेट टेबलावर ठेवली.

"आजोबा आहेत, शेंद्र्याला," तो म्हणाला. "सही करायची म्हटलं की उठून खोलीबाहेर जातात. आम्हाला वाटायचं, हट्टी आहे म्हातारा."

मग त्यानेच पेन्शन खात्यातल्या साहेबांना फोन लावला. बराच वेळ 'जी सर', 'नाय सर' चालले. शेवटी तो वळला.

"तारीख पुढं गेली. दाबून धरणं काढून टाका, बटण मोठं करा. आणि ही टेस्ट कायमची ठेवा, मॅडम. हिच्यातून पास झाल्याशिवाय ॲपमध्ये कुठलाच बदल बाहेर जायचा नाय. नाव काय द्यायचं हिला?"

"विचारून सांगते," तनुजा म्हणाली.

नवी प्रत तयार झाली त्या संध्याकाळी तिने ती वडिलांपुढे ठेवली. बोट थरथरत उतरले. बटण जागचे हलले नाही. 'आपण हयात आहात. नक्की?' पडद्याने विचारले.

"नक्की का, म्हणतंय," अप्पाराव म्हणाले. "शंका रास्त आहे." त्यांनी पुन्हा बोट टेकवले. नोंद झाली.

तनुजाने चहा आणला आणि नावाचे विचारले. "हवं तर दुसरं काहीतरी देते," तिने घाईने जोडले.

अप्पारावांनी हाताकडे पाहिले. जणू एखादा दुर्मीळ दस्तऐवज.

"माझंच लाव," ते म्हणाले. मग त्यांनी कप तिच्याकडे सरकवला. "आणि हा अर्धा का? भरून आण."